अकरा मुके फोन

१

२००७ सालच्या एप्रिलची पहिली तारीख रविवारी आली आणि त्याच दिवशी मांडवी बंदराच्या आसपासचे अकरा मोबाइल एकदम मुके झाले. पहिला तासभर जो तो म्हणत होता की कुणीतरी एप्रिल फूल केलंय. संध्याकाळपर्यंत थट्टा ओसरली आणि लोक वाचनालयाच्या दिशेने बघायला लागले.

वाचनालयाकडे बघायला कारण होतं. सरकारचा नवा नियम आला होता. प्रीपेड कार्ड वापरणाऱ्या प्रत्येकाने फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सही किंवा अंगठा असलेला अर्ज द्यायचा, नाहीतर एकतीस मार्चनंतर नंबर बंद. आजवर कार्ड मिळायचं पानपट्टीवर चुना मागावा तसं. आता एकदम फोटो काय, रेशनकार्ड काय, झेरॉक्स काय! आंब्याच्या ऐन हंगामात दुकानापुढे रांग लावायला कुणाला फुरसत होती? म्हणून वाचनालयाचे कार्यवाह गोपाळकृष्ण जोगळेकर मास्तर यांनी पंचवीस मार्चच्या रविवारी वाचनालयातच अर्ज भरून घेतले. चौसष्ट लोकांनी भरले. "आता निर्धास्त राहा," असं मास्तरांनी प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी मास्तर नेहमीप्रमाणे फाटकी पुस्तकं डागडुजीला घेऊन बसले होते. स्टेपलरच्या पिना इथल्या दमट हवेत गंजतात, म्हणून मास्तरांचा भरवसा मैद्याच्या खळीवर. खळीत ते चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कसर पानांकडे फिरकत नाही. खळ त्यामुळे निळसर दिसे. पान चिकटवायचं, कोरा कागद लावायचा आणि जवळचा जाडजूड खंड उघडून त्यात दाबून ठेवायचं. चाळीस वर्षांत हात इतका बसला होता की हे करताना ते खुशाल दुसऱ्याशी गप्पा मारत.

दारात चिमा येऊन उभी राहिली. ती बागायतदारांकडे आंब्याच्या पेट्या भरायच्या कामाला जाई. हातातला फोन तिने मास्तरांपुढे ठेवला.

"मास्तरांनू, तुमी म्हनालात कागद दिलास की फोन बंद व्हनार नाय. मंग ह्यो का बंद झाला?"

"बघतो मी, चिमा. काहीतरी गोंधळ असेल."

"माज्या संदेशचं मुंबईत आपरेशन झालं काल. अचानक पोटात दुकाया लागलं. एकटाच व्हता. फोन लावत ऱ्हायला, नि ती बाय त्याला सांगते, ह्यो नंबर अस्तित्वात नाय." चिमाचा आवाज फाटला. "आवस मेली की काय, असं वाटलं माज्या पोराला. सांगावा घिऊन मानूस आला आज पहाटे."

मास्तरांनी मान खाली घातली. पोरगा बरा आहे ना, एवढं तरी विचारायला हवं होतं, ते सुचलंच नाही. सुचली ती चौकशी. चौसष्टांपैकी अकराच अर्ज गेले कुठे?

२

मास्तरांना चौकशीची हौस होती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. वाचनालयातल्या झाडून सगळ्या रहस्यकथा त्यांनी वाचल्या होत्या. दिवाळी अंकांमधली पाककृतींची पानं कोण फाडून नेतं, हे पाच वर्षांपूर्वी त्यांनी आठवड्याभरात शोधून काढलं होतं. पानं अध्यक्ष महिपतरावांच्या स्वयंपाकघरात निघाली, त्यामुळे पुढे काही झालं नाही, पण मास्तरांचं नाव झालं.

पहिला संशय सलिलवर. सलिल म्हणजे बाजारातला मोबाइलवाला. वाचनालयाचा गठ्ठा त्याच्याच दुकानात पोचवला होता. अकरा नंबर बंद म्हणजे अकरा नवी कार्डं खपणार, हे मास्तरांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"काका, नवीन कार्डात मला मिळतं काय?" सलिल हसला. "उलट शिव्या खातोय मी. आणि ऐका, जुना नंबर परत मिळू शकतो. पंचवीस तारखेचे तेच अर्ज, वाचनालयाच्या शिक्क्यासकट, पंधरा एप्रिलच्या आत माझ्याकडे आले तर कंपनी चालू करून देईल. नवा अर्ज केलात तर मात्र नंबर नवा."

"तुझ्याकडे अर्ज किती आले?"

सलिलने वही उघडली. "चोपन्न. मंगळवारी कुरिअरला देताना एकेक तपासलाय. सगळ्यांचे फोटो पिनेने पक्के लावलेले, शेवटच्या दोन-तीनांना तर एकेकच पिन. नावानिशी यादी आहे, बघायची तर बघा."

मास्तरांनी यादी पाहिली नाही. त्यांचं डोकं आकड्यात अडकलं होतं. चौसष्टांतून चोपन्न गेले की दहा उरतात. मुके फोन तर अकरा होते.

"तू मोजताना चुकला असशील."

"चुकलो असेन," सलिल म्हणाला. पण म्हणताना त्याने नजर दुसरीकडे वळवली, आणि हे मास्तरांनी टिपलं.

"पावती का नाही दिलीस?"

"तुमच्याकडून आलेल्या माणसाला पावती कसली द्यायची, काका? आजवर कधी मागितलीत?"

खरंच होतं. ओळखीत पावती मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं, अशीच सगळ्यांची समजूत.

"गठ्ठा किती वाजता आला?"

"सव्वासात झाले असतील."

मास्तरांनी मनातल्या मनात हिशोब केला. गठ्ठा वाचनालयातून निघाला होता सहाला, आणि दुकान दहा मिनिटांच्या वाटेवर होतं.

३

गठ्ठा नेला होता बाबल्याने.

बाबल्या म्हणजे वाचनालयाचा शिपाई. एकोणीस वर्षं सकाळी कुलूप उघडायचं, झाडलोट करायची, टेबलावर पडलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची, संध्याकाळी कुलूप लावायचं. पगारपत्रकावर नुसतं 'बाबल्या, शिपाई' असायचं. कामात त्याने कधी खोट ठेवली नव्हती, आणि त्याला कधी कुणी तसं सांगितलंही नव्हतं.

मास्तरांनी त्याला खुर्चीसमोर उभा केला. बसायला सांगितलं नाही.

"त्या रविवारी सहाला गठ्ठा घेऊन निघालास. दुकानात पोचलास सव्वासातला. मधे कुठे होतास?"

बाबल्याने खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"यादीतले शेवटचे अकराच गेलेत. चोपन्न ते चौसष्ट नंबर. म्हणजे गठ्ठ्याचे वरचे. कुठे पाडलेस? जेटीवर वाऱ्यात उडाले?"

"मी काय पाडलं नाय, मास्तर. तुमी टेबलावरनं उचलून जेवडं दिलात, तेवडं नेलंय."

"मग तासभर होतास कुठे?"

बाबल्याच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला. मास्तरांना त्या शिबिरातली एक गंमत आठवली. बाबल्या टेबलाशी घुटमळत होता आणि मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुला कसला अर्ज हवाय रे? तुला हाक मारली की ऐकू येतं!" लोक खो-खो हसले होते. बाबल्याही हसला होता. तेव्हाही त्याचे कान असेच तांबडे झाले होते, पण त्या आठवणीत मास्तरांना पुरावा काही दिसला नाही.

"बोलत नाहीस ना? ठीक आहे. येत्या रविवारी पाच वाजता कार्यकारिणीची सभा आहे. तेव्हा किल्ल्या आणून दे. तोवर आला नाहीस तरी चालेल."

जाताना बाबल्याने टेबलावरची दोन पुस्तकं उचलून फळीवर जागच्या जागी लावली आणि मग बाहेर पडला.

४

ठरावाचा मसुदा मास्तरांनी त्याच दुपारी लिहिला. तरी चौकशी पुरी व्हावी, म्हणून बुधवारी ते वेदिकाला भेटले. ती कॉलेजातली मुलगी. शिबिरात यादी तिनेच लिहिली होती आणि अर्जही तिनेच भरले होते.

"सर, ते अकरा जण मला पक्के आठवतात," वेदिका म्हणाली. "बागेतून काम आटोपून आले होते, साडेपाचला. सगळ्यात शेवटचे. चिमाकाकूंच्या हाताला आंब्याचा चीक लागला होता, म्हणून अंगठा नीट उमटेना."

"त्यांचे अर्ज तू माझ्याकडे दिलेस?"

"हो. तुम्हीच फोटो लावत होतात ना सगळ्यांचे. पण तेवढ्यात पिना संपल्या. म्हटलं, मी आणते दुकानातून. तुम्ही म्हणालात, राहू दे, तू जा घरी, मी बघतो. मग मी निघाले."

"मग मी पिना मागवल्या असतील."

"असतील," वेदिका म्हणाली.

मास्तर घरी येता येता त्या 'असतील'वर अडखळले. बाबल्याला त्यांनी पिना आणायला पाठवल्याचं काही आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की सहाला घरून बायकोचा, कुसुमचा फोन आला. नात ऋजुता पुण्याहून एक दिवस आधीच येऊन थडकली होती. घाईघाईने टेबलावरचा गठ्ठा बाबल्याच्या हातात दिला, किल्ल्या दिल्या आणि चपला सरकवल्या. गठ्ठा मोजला का? चौसष्ट हा आकडा तर त्यांना तोंडपाठ होता. पण तो गठ्ठ्याचा होता, की वेदिकाच्या यादीचा?

यादीचा. गठ्ठा त्यांनी मोजलाच नव्हता.

तरी त्यांनी ठरावाची स्वच्छ प्रत काढायला घेतली.

५

सभेच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर कुसुमताईंनी सभेसाठी सदरा काढून ठेवला. मास्तरांनी तो नको म्हटलं. त्यांना पांढरा हवा होता.

"पांढरा नाही घालता यायचा," कुसुमताई म्हणाल्या. "ऋजुता आली त्या दिवशीचा ना? बाहीला डाग पाडून ठेवलात. दोनदा उकळत्या पाण्यात घातला, जात नाही. तुमची ती निळी खळ. इतकं सांगते, बाइंडिंग करायचं असलं की जुना सदरा घालत जा."

"त्या दिवशी मी बाइंडिंग कुठे केलं? त्या दिवशी तर अर्ज होते."

"मग डाग काय आभाळातून पडला?" कुसुमताईंनी बाही पुढे धरली. उजव्या मनगटापाशी निळसर, कडक झालेला पट्टा होता.

मास्तर त्या डागाकडे पाहत राहिले. पिना संपल्या होत्या. सलिलकडे आलेल्या अर्जांत मात्र एकही फोटो चिकटवलेला नव्हता.

"अहो, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

मास्तर तसेच फोनपाशी गेले आणि सलिलला फोन लावला. एक गाठ अजून सुटत नव्हती. खळीचे अर्ज अकरा, तर पिनेचे त्रेपन्न हवेत. सलिलकडे चोपन्न कसे?

"सलिल, तुझी यादी वाच. आमच्या यादीत नसलेलं नाव असेल त्यात."

"काका, मी शब्द दिला होता सांगणार नाही म्हणून. पण आज सभा आहे म्हणता, तर सांगतो. चोपन्नावा अर्ज बाळकृष्ण धोंडू शिवगण यांचा. नंबर हवाय?"

हाताशी ठरावाचा कागद होता. मास्तरांनी त्याच्या पाठीवर नंबर उतरवून घेतला आणि विचारलं, "हे बाळकृष्ण शिवगण कोण?"

"काका!" सलिल जवळजवळ ओरडलाच. "आपला बाबल्या हो! त्या दिवशी त्याने आधी स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतला, त्यात तासभर गेला. मग दुकानात बसून अर्ज भरला. म्हणाला, वाचनालयात नको, मास्तर लोकांसमोर हसतात. गावाला लेक आहे त्याची, तिच्याशी बोलायला घेतलाय फोन."

मास्तरांनी रिसीव्हर खाली ठेवला. त्यांनी चौकशी सलिलची केली होती, वेदिकाची केली होती. बाबल्याची चौकशी केलीच नव्हती, त्याला फक्त दरडावलं होतं. आणि एकोणीस वर्षं ज्याला दिवसातून पन्नास हाका मारल्या, त्याचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

६

सभेला पाऊण तास होता. मास्तर एकटेच वाचनालयात शिरले. राखीव किल्ली त्यांच्याकडे होती.

आता सगळं लख्ख दिसत होतं. पिना संपल्यावर त्यांनी आतल्या खोलीतून खळीची वाटी आणली असणार. लोकांना नियमाचं महत्त्व समजावता समजावता एकेक फोटो चिकटवला असणार. फोटो चिकटवला की हात आपोआप काय करणार? तेच, जे चाळीस वर्षं करत आला. सुकेपर्यंत दाबून ठेवणार. आणि दुसऱ्या दिवशी बाबल्याने टेबलावर पडलेला खंड उचलून जागच्या जागी लावला असणार, कारण मास्तरांनी त्याला तेच शिकवलं होतं.

सर्वांत जड खंड कुठले? तळच्या फळीवरचे, सरकारी राजपत्राचे. सरकारचे नियम ज्यात छापून येतात तेच. ते कुणी उघडत नाही, म्हणून दाबायला सोयीचे.

मास्तर गुडघे टेकून बसले. पहिल्या खंडात काही नव्हतं, दुसऱ्यात नव्हतं. तिसरा उघडायला घेतला तर तो मधोमध आपोआप उघडला आणि आतून चिमा त्यांच्याकडे बघत होती. फोटोभोवती निळसर कड, खाली पुसट अंगठा, त्यावर वाचनालयाचा गोल शिक्का आणि मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरातली तारीख. तिच्या पाठीमागे दहा जण, प्रत्येक फोटो न वाकता छान चिकटलेला.

बाहेर पायरीवर चपला वाजल्या. कार्यकारिणीचे लोक यायला लागले होते.

मास्तरांच्या मनात एक विचार आला, आणि तो आला याचीच त्यांना पुढे जन्मभर लाज वाटत राहिली. अर्ज पिशवीत घालावेत. उद्या सलिलला द्यावेत. कुठेतरी सापडले म्हणावं. बाबल्याला मोठ्या मनाने माफ केल्यासारखं करावं. फोन चालू होतील, बाबल्याची नोकरी राहील, कुणाचं काही बिघडणार नाही. त्यांनी अर्ज खरोखरच पिशवीत घातले.

७

पाच वाजता अध्यक्ष महिपतराव खुर्चीत स्थानापन्न झाले. आणखी चौघे होते. बाबल्या बाहेर ओटीच्या पायरीवर, आतल्यांकडे पाठ करून बसला होता. शेजारी किल्ल्यांचा जुडगा होता. त्याला कुणी आत ये म्हटलं नव्हतं.

"ठराव आणा, जोगळेकर," महिपतरावांनी पेनाचं टोपण काढलं. "उगाच लांबण नको. अशा माणसाला ठेवून आपल्या संस्थेचं नाव जातं."

मास्तरांनी ठरावाचा कागद हातात घेतला. बाहेर जाऊन त्या माणसासमोर उभं राहायचं, तर पाय उचलेना. कागद उलटा झाला आणि पाठीवरचे दहा आकडे दिसले.

त्यांनी टेबलावरचा वाचनालयाचा फोन पुढे ओढला. महिपतराव चमकून बघायला लागले. मास्तरांनी एकेक आकडा दाबला.

बाहेर पायरीवर एक गाणं वाजायला लागलं. बाबल्या दचकला. घाईघाईने खिशातून फोन काढून त्याने कानाला लावला.

"हॅलो? कोन बोलतंय?"

"मी. जोगळेकर." मास्तरांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "अर्ज सापडले. मीच ठेवले होते, खंडात. तुझा काही दोष नव्हता. चुकलो मी."

दारातून बाबल्याची पाठ दिसत होती. त्याने वळून पाहिलं नाही.

"मास्तर, जरा मोठ्यान बोला," तो फोनमध्ये म्हणाला. "आत बसल्यांना आयकू जात नाय."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग रिसीव्हर तसाच कानाला धरून, वर्गात धडा वाचावा तेवढ्या मोठ्या आवाजात, त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पिना, खळ, न मोजलेला गठ्ठा, बाबल्याचा फोटो, लोकांदेखत केलेली ती थट्टा. मघाशी अर्ज पिशवीत का घातले होते, हेसुद्धा सांगितलं. महिपतरावांनी पेनाचं टोपण हळूच परत लावलं.

फोन बंद करून बाबल्या आत आला. किल्ल्यांचा जुडगा त्याने टेबलावर ठेवला. तो परत घ्यायचा की नाही, हे त्याने ठरवलेलं नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"द्या ते कागद," तो म्हणाला. "सलिलच्या दुकानात देतो, नि चिमाला सांगून येतो."

मास्तरांनी पिशवीतून अर्ज काढून त्याच्या हातात दिले. बाबल्याने बोटाला थुंकी लावून ते एकेक करून मोजले. मोजून झाल्यावरही तो तिथून हलला नाही.

"अकरा हायत," तो म्हणाला. "लिवून द्या, मास्तर. किती दिलात त्ये. पावती द्या."

मास्तरांनी ठरावाचा कागद फाडला आणि वहीतलं कोरं पान घेतलं. 'अकरा अर्ज मोजून दिले,' असं लिहून त्यांनी खाली 'श्री. बाळकृष्ण धोंडू शिवगण यांस' हे पहिल्यांदाच लिहिलं. मग सही केली आणि उठून उभं राहून ते पान त्याच्या हातात दिलं.